पहारेकऱ्याला आतून हाक

३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार, तब्येत, हवापाणी हे सगळं लिहून झालं असं समज. फोन परत गेला. मी बसमधून उतरलो, तो उतरला नाही. तोवर पत्रं. भाऊजी म्हणतातच ना, फोनवर मी तीन विषय एकदम बोलतो, कागदावर निदान एकामागून एक येतील. बघू.

तू शब्द टाकलास म्हणून मिळालेली नोकरी अजून आहे. हसू नकोस, पोटावर ताण येईल. ऑफिस म्हणजे दातांच्या दवाखान्यावरच्या तीन खोल्या. खालून दिवसभर ड्रिलचा आवाज येतो, आणि कोणी चुकीचं काही टाइप करत असलं की नेमकी तेव्हाच खालून किंकाळी येते. आमच्या मुख्य प्रोग्रामर बाईंना सगळे हेडबाई म्हणतात. त्या ओरडत नाहीत. चष्मा काढतात. तेवढं पुरतं.

तुमच्या हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर इथे बनतं हे तुला माहीत होतंच, मला मात्र त्याचा अर्थ माहीत नव्हता. मला वाटायचं सॉफ्टवेअर म्हणजे स्क्रीनवरची बटणं. बटणं ही नुसती दुकानाची पाटी गं! दुकान मागे आहे. आत गेलो आणि अजून बाहेर आलो नाही.

ऐक. सकाळी नवजात बाळांच्या वॉर्डात सिस्टर आहाराची ऑर्डर भरते. बाळाचं वजन इतकं, दिवसभरात द्रव इतका. बटण दाबलं की ती ऑर्डर तारेतून एका दाराशी येते. दाराचं नाव एपीआय. दाराच्या आत एक कारकून बसलेला असतो, त्याला कंट्रोलर म्हणतात. शंभरेक ओळींचा आहे बिचारा. आलेल्या ऑर्डरचं काय करायचं ते तो ठरवतो. पण त्याच्याही आधी उंबऱ्यावर एक पहारेकरी असतो. त्याच्याकडे साचा असतो, म्हणजे मॉडेल. वजन तीनशे ग्रॅम ते सहा किलो. द्रव पाच ते नऊशे मिलीलिटर. दर किलोमागे दोनशेच्या वर द्रव जाता कामा नये. साच्यात बसत नसेल तर तो शेरा मारतो आणि ऑर्डर दारातूनच परत.

मी सरावाच्या प्रतीवर एक ग्रॅमचं बाळ पाठवलं. परत. वजनाच्या जागी ‘हत्ती’ लिहिलं. परत! शेऱ्यासकट, पापणी लवायच्या आत. अख्खी दुपार मी त्याला फसवत बसलो आणि तो एकदाही फसला नाही. त्याला कोणी उठवत नाही, पगार देत नाही, ‘बघ रे जरा’ म्हणत नाही. दारात काही आलं की तो उभाच. मी कॉलेज अर्ध्यात सोडलं, कोड शिकलो तो एका सायकलवाल्याच्या दुकानात मागे बसून, त्यामुळे असेल, पण माझ्या अंगावर काटा आला. हेडबाई म्हणाल्या, “तुम्हाला बटणाचा रंग बदलायला दिला होता.”

रंग उद्या बदलेन. एप्रिलअखेर मात्र डोंगरावर जातोय. वरच्या निवाऱ्याला स्वयंपाकी हवाय. तुझं बाळ बघून मग जाईन, बाळही एप्रिलचंच ना? आम्ही दोघं रस्त्यात एकमेकांना ओलांडू.

तुझा,
भटक्या

२१ फेब्रुवारी

भटक्या,

खाली बस. बसलास? तू मामा झालास. बाळ एप्रिलचं होतं खरं, पण गुण मामाचे दिसतात. धीर धरवला नाही तिला. बुधवारी आली. एक किलो एकशे ऐंशी ग्रॅम.

मी बरी आहे. तीही आहे, असं लिहिते. ‘बरी’ म्हणायला डॉक्टर अजून तयार नाहीत. काचेच्या पेटीत ठेवलंय. तिचा दंड तुझ्या भाऊजींच्या करंगळीएवढा आहे. ते पेटीशी येतात, काचेवरचा स्वतःच्या श्वासाचा डाग बाहीने पुसतात आणि परत जातात. नाव ठेवलेलं नाही. सिस्टर तिला चिमूट म्हणते, आम्हीही तेच म्हणतो.

आत फोन नेऊ देत नाहीत. तुझं पत्र मात्र प्लास्टिकच्या पाकिटात घालून आणू दिलं. मी ते चिमूटला वाचून दाखवलं. हत्तीपाशी तिने पाय हलवला. योगायोग असेल, पण तुला सांगावंसं वाटलं.

एक गोष्ट तुलाच लिहिते, दुसऱ्या कुणाला ती वेडेपणाची वाटेल. माझं काम तुला माहीत आहे. वॉर्डातून आकडे माझ्या स्क्रीनवर येतात, मी हातमोजे चढवून काचेच्या कपाटात हात घालते, शिरेतून द्यायचा आहार मिसळते, पिशवी बंद करते, लेबल लावते. कितीतरी वर्षं हेच. पिशवीवर पेटीचा नंबर असायचा. त्या पेटीतलं बाळ मी कधी पाहिलं नव्हतं. आता पलीकडच्या बाजूला बसलेय. पिशवी माझ्या मैत्रिणीने बनवलेली असते, तिची लेबल लावायची वाकडी सवय मला ओळखू येते. आणि मी नुसती बघत राहते. थेंब लटकतो. सुटतो. परत एक लटकतो. एका आकड्याचा थेंब होतो, थेंबाची मुलगी होते. इतकी वर्षं हे माझ्या हातून होत होतं आणि मला पत्ता नव्हता.

तर ते तुझं दार. माझ्या मुलीचे आकडे रोज सकाळी त्यातून जातात. रंग बदल नाहीतर बदलू नकोस. पण तिथे नीट बस.

ताई

२६ फेब्रुवारी

ताई,

मी मामा! खालच्या डेंटिस्टलाही सांगून आलो. तो एका पेशंटच्या तोंडात होता, दोघांनीही अभिनंदन केलं. पेशंटचं नीट कळलं नाही, पण भाव चांगला होता.

चिमूट हे नाव कायमचं ठेवलं तरी चालेल. थेंबांचं तू लिहिलंस ते मी चारदा वाचलं, मग जिन्यात जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.

मी नीट बसलोय. इतका नीट की पाठ दुखते. तू मजेत राहा, झोप, भाऊजींना दुसरी बाही दे. इथे सगळं ठीक. एक बारीकसं काम निघालंय, त्यात आहे.

हो, आणि सहज विचारतो, चिमूटची पेटी बदलणार आहेत का? बदलणार असतील तर आधी कळवशील? सहज.

भटक्या

२६ फेब्रुवारी

भाऊजी,

हे पत्र तुमच्यापुरतंच. ताईला आत्ताच सांगू नका, तिला झोपेची गरज आहे.

तिचं पत्र आल्यावर मी चिमूटची ऑर्डर ज्या रस्त्याने जाते तो रस्ता कोडमध्ये पायी पायी चालून बघितला. मला सांगितलेलं काम दुसरंच होतं, पण तुम्ही मला ओळखता. पूर्ण भरलेली ऑर्डर आली तर पहारेकरी तिला चोख तपासतो. पण वॉर्डात एक बटण आहे, ‘कालचंच पुढे’. सिस्टर रोज सगळं परत भरत नाही. फक्त बदललेलं लिहिते, समजा नवं वजन, आणि ते बटण दाबते. अशी अर्धी चिठ्ठी दारात आली की पहारेकरी कुरकुरतो, ‘द्रवाचा आकडा नाही.’ बरोबरच आहे त्याचं, तो कालच्या ऑर्डरमध्ये असतो. ही कुरकुर रोजची झाली, म्हणून कोणीतरी कधीतरी कारकुनाला लिहून ठेवलं की या वाटेने आलेल्या चिठ्ठीबद्दल त्याचं ऐकू नकोस. मग कारकून आत जातो, कपाटातून कालची ऑर्डर काढतो, तिच्यावर आजचं वजन चढवतो आणि पुढे पाठवतो.

भाऊजी, ती जोडलेली ऑर्डर कुठल्याच दारातून आलेली नसते. ती आतच जन्मते. तिला कोणी काही विचारत नाही.

आणि कालची ऑर्डर कपाटात पेटीच्या नंबराखाली ठेवलेली असते, बाळाच्या नाही. मी सरावाच्या प्रतीवर करून बघितलं. एका पेटीत तीन किलोचं बाळ होतं, द्रव चारशे तीस. ते घरी गेलं असं धरलं, त्या पेटीत चिमूटला ठेवलं, नुसतं वजन लिहिलं आणि बटण दाबलं. वजन तिचं, द्रव त्याचा. दोन्ही आकडे आपापल्या मर्यादेत. ऑर्डर गेली. पहारेकरी उंबऱ्यावर जागा होता, नियमही त्याच्याजवळ होता, आणि त्याच्या पाठीमागून ही चालत गेली.

मी तसाच खुर्चीतून उठलो. हेडबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पण माझ्यासाठी नव्हे. हॉस्पिटलला त्या आजच अधिकृत कळवतायत. ताईच्या कामाच्या खोलीतली माणसं पिशवी बनवताना आकडे बघतातच, त्यामुळे घाबरू नका. मीही नाही घाबरलो. म्हणजे आता नाही.

पेटी बदलली तर मला कळवा, एवढंच.

तुमचा मेहुणा

२ मार्च

भटक्या,

‘सहज’ हा शब्द तू आयुष्यात दोनदा वापरलास. पहिल्यांदा सहावीत, छतावरून पडल्यावर.

आधी मला वाटलं पेटीतच काही बिघाड आहे. सिस्टरला उठवून पेटीची वायर न् वायर बघायला लावली. ती बिचारी म्हणते, “अहो, पेटी उत्तम आहे, तुम्हीच जरा आडव्या व्हा.” मग तुझ्या भाऊजींकडे पाहिलं. त्या माणसाला खोटं बोलता येत नाही, त्याचे कान लाल होतात. खिशातून पत्र काढून घेतलं.

आता नीट ऐक. मी बाळंतीण आहे, काचेची बाहुली नाही. तुला झाकायचं असेल तर तुझे उसने घेतलेले स्वेटर झाक. असल्या गोष्टी मला पहिल्यांदा सांगायच्या, आणि सगळ्या सांगायच्या.

रागावून झालं. हेडबाईंचं कळवणं पोचलं होतं, पण ते वरच्या मजल्यावर वाट बघत पडलं होतं. मी गाऊन सावरत, भिंत धरत माझ्याच कामाच्या खोलीत गेले. मैत्रीण म्हणाली, “इथे कशाला आलीस, जा, झोप!” मी पत्र तिच्यापुढे ठेवलं. तिने वाचलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली. म्हणाली, “आपण आकडे बघतो गं. पण चोविसाव्या पिशवीपर्यंत डोळे थकलेले असतात.” मुख्य सिस्टरने त्याच दिवशी ‘कालचंच पुढे’ बंद केलं. आता रोज सगळं हाताने, पूर्ण भरतात. सकाळचं काम दुप्पट झालंय, सगळ्या कुरकुरतात, पण भरतात.

फार दिवस हे चालणार नाही. दमलेला हात वेगळ्या चुका करतो. तेव्हा लवकर काय ते करा.

चिमूट बाराशेच्या पुढे गेलीय. आणि पेटी बदलणार आहेत, हो. पंधरवड्यात. तिला आता कमी उबेची लागेल.

ताई

९ मार्च

ताई,

कान पकडले. दोन्ही. एका हाताने लिहितोय असं समज.

सगळं सांगतो. मला वाटलं होतं मोठं युद्ध असेल. हेडबाईंनी खुर्ची ओढली, कारकुनाच्या ओळी उघडल्या आणि म्हणाल्या, “पहारेकरी दारापुरताच आहे असं कोणी सांगितलं? त्याला आतूनही हाक मारता येते.” खरंच येते! एक ओळ. ऑर्डर जोडून झाली की तिथेच, कारकुनाने स्वतः म्हणायचं, ‘ही तपास.’ तोच पहारेकरी, तोच साचा, तेच नियम. तो आत येतो आणि आत जन्मलेल्या ऑर्डरला तेच विचारतो जे दारातल्यांना विचारतो. आपोआप येणार नाही, पण हाक मारली तर नाही म्हणणार नाही. नियम इतकी वर्षं तिथेच होता गं. फक्त कोणी बोलावलं नव्हतं.

मी ती ओळ लिहिली. चारशे तीस आणि चिमूटचं वजन असं जोडून पाठवलं. अडवलं! मी ओरडलो, खालचा ड्रिल थांबला. मग उत्साहात बरोबर ऑर्डर पाठवली, चिमूटचं वजन, चिमूटचाच द्रव. तीही अडवली.

परत पाठवली. परत अडवली. शेरा म्हणे, ‘द्रवाचा आकडा नाही.’ अरे, आहे ना, समोर आहे! मला तर घामच फुटला. उपाशी ठेवणारं दार काय कामाचं? जेवायची सुट्टी झाली, सगळे उठले, मी तिथेच. शेवटी हेडबाई डबा हातात घेऊनच आल्या आणि म्हणाल्या, “हा शेरा कधीचा आहे ते बघा.”

तो दारातला होता! अर्धी चिठ्ठी आली तेव्हा पहारेकऱ्याने मारलेला. शेरे तो एका पाटीवर लिहितो, तिथे हा तसाच राहिला होता. ऑर्डर पुरी झाली, नवी तपासणी स्वच्छ झाली, पण पाटीवर जुनी तक्रार, म्हणून उत्तर ‘नाही’. पाटी आधी पुसावी लागते. तीही एकच ओळ. आधी पुसायचं, मग हाक मारायची. हेडबाई घास घेत म्हणाल्या, “जुने शेरे ठेवून नवी तपासणी केली की चांगलंही नापास होतं.” आणि पुढचा घास घेतला, जणू काही झालंच नाही. ताई, मी शाळेत जितका काळ घालवला त्यात मला कोणी हे सांगितलं असतं तर मी कदाचित तिथेच थांबलो असतो.

कपाटात ऑर्डर आता बाळाच्या नोंदीखाली ठेवायची, हे मोठं काम आहे, ते चालू झालंय, वेळ लागेल. तोवर हा पहारा.

अडवल्यावर स्क्रीनवर काय दिसावं ते वाक्य हेडबाईंनी मला लिहायला दिलं. आधी तिथे ‘अवैध माहिती’ असं होतं. त्या म्हणाल्या, “हे कुणासाठी आहे? सिस्टर दमलेली आहे, तिच्या हातात हातमोजे आहेत, मागे तीन बाळं रडतायत. तिच्या शेजारी तुम्ही उभे असता तर काय म्हणाला असता?” दोन ओळींच्या कोडला एक तास लागला आणि त्या एका वाक्याला दोन दिवस. काय लिहिलं ते सांगत नाही. देव करो आणि तुला ते कधी दिसायला नको.

डोंगरवाल्यांना कळवलं की दुसरा स्वयंपाकी बघा. वाईट वाटलं थोडं. पण इथे रस्ते जास्त आहेत.

भटक्या

१७ मार्च

भटक्या,

दिसलं.

काल तुमचं नवं इथे चालू झालं आणि बटण परत उघडलं. मुख्य सिस्टरने आधी स्वतः दहा-बारा ऑर्डरी करून पाहिल्या, मगच बाकीच्यांना हात लावू दिला. आज सकाळी चिमूटला दुसऱ्या पेटीत हलवलं. तिथलं बाळ कालच घरी गेलं. गलेलठ्ठ होतं, जाताना त्याच्या आईने मला मिठी मारली होती. सिस्टर नवीन आहे, हुशार आहे, पण आज एकटी होती. तिने चिमूटचं वजन केलं. एक किलो तीनशे साठ. स्क्रीनवर नव्या पेटीचा नंबर उघडला, वजन लिहिलं आणि सवयीने ‘कालचंच पुढे’ दाबलं.

मी शेजारच्याच खुर्चीत होते. तुझ्या भाऊजींना आत यायची वेळ होती, ते हात धुऊन, कोपर वर धरून दारात उभे. मला कळलं होतं काय होणार ते. सांगायला खुर्चीतून उठले, तोवर उत्तर आलंही होतं. 

सिस्टर म्हणाली, “हे काय आलं?” आणि मोठ्याने वाचलं.

“हे वजन आणि हा द्रव एकाच बाळाचे वाटत नाहीत. एकदा बाळाकडे बघा आणि पुन्हा लिहा.”

आणि भटक्या, तिने बघितलं. मान वळवून, खरोखरच पेटीकडे. मी बघितलं. दारातून तुझ्या भाऊजींनी बघितलं. मैत्रीण दुसऱ्या बाळाची पिशवी घेऊन आत येत होती, तिला काही माहीतही नव्हतं, सगळे बघतायत म्हणून तीही बघायला लागली. शेजारच्या पेटीजवळचे आजोबाही वळले. खोलीतला प्रत्येक माणूस काम सोडून त्या एवढ्याशा जिवाकडे बघत होता. तू कुठे त्या दातांच्या दवाखान्यावर बसलेला, आणि इथे तुझ्या एका वाक्याने सगळ्यांच्या माना वळवल्या. मला घरातला कुणी माणूस तिच्या उशाशी येऊन उभा राहिल्यासारखं वाटलं. अंगावर काटा म्हणतोस ना, तो.

ती झोपली होती. एक पाय काचेला टेकवून, डोंगर चढल्यासारखी.

सिस्टर म्हणाली, “अगंबाई, हे आकडे तुझे नाहीतच की!” आकडे नीट लिहिले. एका फटक्यात ऑर्डर गेली. जुना शेरा मध्ये आला नाही. मैत्रिणीने तासाभरात पिशवी आणली, लेबल नेहमीसारखं वाकडं. आता मी हे लिहितेय आणि वर थेंब लटकलाय. सुटला.

तुझे भाऊजी बाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा बाही ओली होती.

तुझ्याबद्दलची माझ्या मनातली पाटी मी आज पुसली. अर्धं कॉलेज, बाराशे नोकऱ्या, हरवलेले फोन, सगळं. स्वेटरचं राहू दे, ते तुला परत द्यावेच लागतील.

रविवारी ये. दारात हात कोपरापर्यंत धुवायला लावतात, आणि मी आतून बघत असेन.

ताई